आजारी, पण हजर

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत आजारपणाचे हंगाम ठरलेले असतात, आणि ते पंचांगात छापून येतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. रविवारी रात्रीच माणसं एसटीने त्र्यंबकला जातात, कुशावर्तावर अंघोळ करतात, रात्रभर पावसात चिखल तुडवत प्रदक्षिणा घालतात आणि सोमवारी दुपारी पाय ओढत घरी येतात. मंगळवारी सकाळी सातपूर आणि अंबडमधल्या निम्म्या कामगारांना व्हायरल झालेला असतो. हा व्हायरल पोटरीतून सुरू होतो आणि वर मांडीपर्यंत जातो. चैत्रात वणीच्या गडाची यात्रा आली की पोटं बिघडतात. द्राक्षांचा खुडा सुरू झाला की निफाड-दिंडोरीकडच्या पोरांच्या आज्या एकदम अत्यवस्थ होतात. कांद्याचा भाव चढला की लासलगावच्या बाजूची मंडळी कंबरदुखीने बेजार, आणि भाव पडला की तीच मंडळी डोकेदुखीने.

त्यात आमच्या कंपनीचं मुख्यालय चेन्नईला. तिथून येणाऱ्या सुट्ट्यांच्या यादीत धुळवड असते. नाशिककर धुळवडीला घरात बसतो आणि रंग खेळतो रंगपंचमीला. हे चेन्नईला बरेचदा कळवून झालं. त्यांचं उत्तर आलं की होळीची सुट्टी एकदा दिलेली आहे. त्यामुळे दर फाल्गुनात वद्य पंचमीला अंबडमध्ये एक अज्ञात साथ येते आणि षष्ठीला जाते.

रजेचा फोन करायचा एक खास आवाज असतो. तो नाकातून सुरू करून घशात सोडून द्यायचा.

"साहेब, येणं होत नाही."

"काय झालं?"

"ताप."

"किती?"

"आहे बऱ्यापैकी."

इतक्यात मागून कोणीतरी ओरडतं, "ए, चल लवकर, गाडी लागली!"

"हे काय?"

"टीव्ही आहे, साहेब."

साहेबांनाही माहीत असतं की टीव्ही नाही. कारण आठवड्यापूर्वी त्यांनी त्यांच्या साहेबांना याच आवाजात फोन केलेला असतो. ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाही आणि जो तरीही वर्षानुवर्षं सुरळीत चालतो, असा हा व्यवहार आहे.

माझे मेहुणे सरकारी कचेरीत आहेत. त्यांच्याकडे या सगळ्याला नियम आहेत. किरकोळ रजा वेगळी, आणि 1981 च्या रजा नियमांत अर्जित वेगळी, अर्धवेतनी वेगळी. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस जमा होते, आणि डॉक्टरचा दाखला जोडला की ती निम्म्या दिवसांत पण पूर्ण पगारावर मिळते, तिला परिवर्तित रजा म्हणतात. मेहुण्यांना शिंक आली तरी ते आधी कोणत्या खात्यातून शिंकायचं ते ठरवतात.

आम्हा कारखान्यातल्या लोकांना ईएसआय. 1948 च्या कायद्याने आलेली ही विमा योजना खरं तर फार समजूतदार आहे. आजारी पडलात तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के, कामावर इजा झाली तर 90 टक्के. आजारपणाचे पहिले दोन दिवस मात्र आपल्या खर्चाने आजारी राहायचं. कायद्यात आणखी एक अट होती. उपचार चालू असताना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तो भाग सोडून जायचं नाही आणि बरं व्हायला उशीर लागेल असं काही करायचं नाही. कायदा करणाऱ्यांना ब्रह्मगिरीची फेरी माहीत असणार.

ही योजना महिना 21,000 रुपये पगारापर्यंतच लागू. मी स्टोअरचा इन्चार्ज. एका एप्रिलमध्ये माझा पगार या आकड्याच्या जेमतेम वर गेला. मी पेढे वाटले, त्यात पहिली वाढ गेली, आणि पुढे यथावकाश ईएसआयही गेली. तेव्हापासून मी स्वतःच्या जबाबदारीवर आजारी पडतो.

अशा या शांत चाललेल्या गावगाड्यात एचआरच्या नव्या मॅडम आल्या. पुण्याच्या. हुशार, कामसू, आणि माणसांत सुधारणा होते यावर मनापासून विश्वास असलेल्या. त्यांनी पहिल्याच महिन्यात रजेचे जुने कागद काढले आणि त्यांच्या लक्षात आलं की एका वर्षात एका माणसाचे तीन आजोबा वारले आहेत. मग एका बुधवारी त्यांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवलं. बुधवारी कॅन्टीनला मिसळ असते. तर्री समोर निवत असताना नाशिकचा माणूस कोणाचंच ऐकत नाही, हे त्यांना पुण्यात कोणी सांगितलं नसावं.

मॅडम म्हणाल्या, "इंग्लंडमध्ये 2010 पासून डॉक्टर नुसती सिक नोट देत नाहीत. फिट नोट देतात. त्यात 'कामाला अयोग्य' याच्या बरोबरीने 'काही बदल केल्यास काम करू शकेल' असाही पर्याय असतो. हळूहळू रुजू व्हा, कामाची वेळ बदला, काम बदला, बसायची सोय बदला. आपणही तेच करणार आहोत. यापुढे रजेचा विचार शेवटी. आधी लाईट ड्यूटी."

"म्हणजे आजारी पडलं तरी यायचं?" पेंटशॉपमधून प्रश्न आला.

"तसं नाही. आजारी असताना जे जमेल, तेवढंच करायला यायचं."

"आणि काहीच जमत नसलं तर?"

"काहीतरी जमतंच. आपण पॉझिटिव्ह बघायचं."

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणूनच तर रजा मागतोय."

मॅडम हसल्या. मनाने चांगल्या होत्या. त्यांनी पुरवणी पावाचा आदेश दिला आणि योजना मंजूर झाली.

योजनेबरोबर एक फॉर्म आला. डाव्या बाजूला 'रुग्ण काय करू शकत नाही', उजव्या बाजूला 'रुग्ण काय करू शकतो'. तो डॉक्टरांनी भरायचा. त्रिमूर्ती चौकाजवळ आमच्या अर्ध्या कंपनीचे एकच डॉक्टर आहेत. त्यांनी आयुष्यभर 'विश्रांतीची गरज आहे' एवढंच लिहिलेलं. त्यांनी फॉर्म उलटसुलट केला.

"काय करू शकतो? हे मी कसं सांगू? मी डॉक्टर आहे, तुमचा मुकादम नाही."

शेवटी त्यांनी दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिलं, 'झेपेल तसे'. पुढे त्यांनी त्याचा रबरी शिक्काच करून घेतला.

आता कंपनीला या योजनेचं इतकं प्रेम का होतं, ते गेटवरच्या बोर्डावरून कळायचं. प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या गेटवर हा बोर्ड असतो: अपघातामुळे कामाचा खाडा न होता गेलेले दिवस इतके. रोज सकाळी सुरक्षारक्षक त्यात एक मिळवतो. 1948 च्या कारखाने कायद्यात असं होतं की अपघातामुळे माणूस 48 तास किंवा त्याहून जास्त काम करू शकला नाही, तर कारखाना निरीक्षकाला कळवायचं. म्हणजे माणूस पडला यापेक्षा तो परत कधी उठून आला, याला महत्त्व. आमच्या सीएनसी विभागातले एक भाऊ सांडलेल्या कूलंटवरून घसरले आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. संध्याकाळी प्लास्टर झालं. रात्री घरचे भेटायला आले. सकाळी साडेसहाला कंपनीची गाडी दारात.

भाऊंच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, हात गळ्यात आहे आणि गाडी दारात!"

ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, त्यांना फक्त आणून बसवायचंय."

भाऊ येऊन बसले. गेटवरच्या आकड्यात एक मिळवला गेला. खाडा झाला नाही, म्हणजे कंपनीच्या हिशेबी भाऊ पडलेच नाहीत. चहा मिळाला, पूर्ण पगार मिळाला, येणं-जाणं गाडीने. रोज सायकल मारत पाथर्डी फाट्याहून येणारे भाऊ म्हणाले, "दुसरा हात मोडला तर काय देतील हो?"

स्टोअरशेजारी एक जुनी ट्रेनिंगची खोली होती. लाईट ड्यूटीवाल्यांना तिथे बसवायचं ठरलं आणि शेजारधर्म म्हणून मला त्यांचा प्रमुख केलं. गोदावरीला पूर किती आला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरवतात, तशी आमच्याकडे साथ किती हे या खोलीवरून कळायचं: बाकं भरली की पाणी मारुतीच्या कमरेला, माणसं दारात उभी राहिली की गळ्याला.

काम वाटपाचं तत्त्व साधं होतं. माणसाला काय झालंय हे फॉर्मवर बघायचं, कोणती खुर्ची रिकामी आहे हे प्लॅंटमध्ये बघायचं, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध येऊ द्यायचा नाही. उजवा हात मोडलेल्या भाऊंना रजिस्टर लिहायला दिलं. डाव्या हाताने. वेल्डिंगच्या एका पोराचे डोळे आले होते, त्याला वेल्डिंगचा त्रास नको म्हणून कॉम्प्युटरवर बसवलं. पॅकिंगचे अप्पा घसा बसून आले होते, त्यांना टेलिफोनवर. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला जुलाब लागले होते, गाडीवर धोका नको म्हणून त्याला मागच्या गेटवर आवक नोंदवायला पाठवलं. मागच्या गेटपासून संडास प्लॅंटच्या दुसऱ्या टोकाला. आणि गुडघ्याची वाटी दुखावलेल्या फिटरला फाइव्ह एसची, म्हणजे नीटनेटकेपणाची, तपासणी. ती चालत करायची असते. जिना चढून, उतरून, परत चढून.

आमचं पहिलं सामूहिक यश हातमोज्यांचं. सुती हातमोज्यांचे 100 जोड मागवायचे होते. भाऊंनी डाव्या हाताने रजिस्टरमध्ये 100 लिहिले. डाव्या हाताच्या एकाला वर शेंडी आली. वेल्डिंगवाल्या पोराने आलेल्या डोळ्यांनी ते 700 वाचलं आणि कॉम्प्युटरवर चढवलं. दोन दिवसांनी मुंबईहून पुरवठादाराचा फोन आला. तो अप्पांनी उचलला.

"700 जोड? नेहमी 100 असतात. नक्की ना?"

अप्पांच्या गळ्यातून त्या आठवड्यात एकच आवाज निघत होता. "हं."

"बघा हं, परत घेणार नाही."

"हं."

टेम्पो मागच्या गेटवर आला तेव्हा फोर्कलिफ्टवाल्याला आवक मोजायची होती. पण त्याला त्याच क्षणी दुसरीकडे जायचं होतं. त्याने "आत घ्या, आत घ्या" म्हणत चालता चालता सही केली आणि नंतर पळता पळता शिक्का मारला. फाइव्ह एसच्या तपासणीवर असलेल्या फिटरला हातमोज्यांचा ढीग दिसला, पण गुडघ्यामुळे त्याला तो बघायला वाकता आलं नाही. त्याने 'नीटनेटकेपणा उत्तम' असा शेरा दिला.

पाचही जणांनी आपापल्या फॉर्मच्या चौकटीत राहून काम केलं होतं. खुलासा कोणाकडे मागायचा? मॅडमनी मला विचारलं. मी म्हणालो, "मॅडम, एक मात्र झालं, कोणाचीच रजा गेली नाही."

पुढचा आठवडा त्याहून रंगला. डोळे आलेला पोरगा ज्या कीबोर्डवर बसला होता, तोच पुढच्या पाळीत अकाउंटवाले वापरत होते. रजिस्टरही फिरत होतं, पेनही फिरत होतं. जो आजार घरात झोपून तीन जणांना झाला असता, तो कामावर हजर राहून तीन विभागांना झाला. आमच्या खोलीत सगळे काळे गॉगल लावून बसलेले. चेन्नईहून पाहुणे आले होते. त्यांना वाटलं, ही सुरक्षेची मोहीम आहे. त्यांनी फोटो काढला. तो फोटो कंपनीच्या मासिकात छापून आला: नाशिक प्लॅंटमध्ये डोळ्यांच्या सुरक्षेबाबत जागृती.

आणि मग माझी पाळी आली.

2018 साली रंगपंचमी 6 मार्चला होती. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन, कारण 1966 साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिथून कारखान्यांत सुरक्षा सप्ताह चालतो. म्हणजे सप्ताहाच्या ऐन मध्यावर पंचमी. मी कर्तव्यदक्षपणे पहिली पाळी केली, सुरक्षेची शपथ घेतली, घरी आलो, जुने कपडे चढवले आणि तिवंध्याच्या रहाडीवर गेलो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: रहाड म्हणजे जुन्या नाशकात रस्त्याखाली दडलेला दगडी हौद. पेशवेकाळापासूनच्या आहेत म्हणतात. वर्षभर वर लाकडी ओंडके आणि माती, त्यावरून रिक्षा जातात. पंचमीच्या आधी त्या उघडतात, पूजा होते, फुलं उकळून केलेला रंग भरतात, आणि मग आख्खं गाव त्यात उड्या मारतं. या उडीला धप्पा म्हणतात. धप्पा पद्धतशीर मारला की पाणी काठावरच्या लोकांच्या अंगावर उडतं आणि मान मिळतो. माझा धप्पा पद्धतशीर बसला. पाणी उडालं. मानही मिळाला. फक्त कंबर खालीच राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे मी काटकोनात उभा.

"तुमच्या वयात तिथे उडी मारायची काही गरज होती?"

"उडी नाही डॉक्टर. धप्पा."

"बरं, धप्पा. पडून राहू नका मात्र. पाठीला अंथरुणात पडून राहणं आता चांगलं मानत नाहीत. थोडी थोडी हालचाल ठेवायची, रोजचं काम जमेल तसं करायचं."

"ऐकलंत?" सौभाग्यवती म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी हे वाक्य डॉक्टरांच्या नावावर बरेच दिवस चालवलं.

फॉर्मवर डॉक्टरांनी या वेळी शिक्का न मारता हाताने लिहिलं: वाकू नये. वजन उचलू नये. अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग बसू नये. अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग उभे राहू नये.

मॅडमनी फॉर्म वाचला आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"तुमचे कान पिवळे दिसताहेत. कावीळ वगैरे?"

"नाही मॅडम. तिवंधा."

"ही नवीन साथ आहे का?"

"जुनीच आहे. वर्षातून एकदा येते."

त्यांनी वहीत लिहून घेतलं.

बसायचं नाही आणि उभं राहायचं नाही, अशा माणसाला कुठलं काम द्यावं यावर बैठक झाली. त्या बैठकीत मी अर्धा तास बसलो आणि अर्धा तास उभा राहिलो. शेवटी निर्णय झाला: सुरक्षा सप्ताहाच्या घोषवाक्य स्पर्धेचं परीक्षण. कामगारांनी पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि पहिले तीन नंबर काढायचे. इतकं हलकं काम साऱ्या अंबडमध्ये नसेल असं मॅडमना वाटलं. त्यांनी त्या चिठ्ठ्या वाचल्या नव्हत्या.

'सुरक्षा' या अक्षरांना 'रक्षा' शिवाय दुसरं यमक नाही, असा आमच्या कामगारांचा ठाम समज होता. तरी काहींनी धाडस केलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'बोट तुटेल पंचिंगला, कोण जाईल मग डेटिंगला'. दुसऱ्याने लिहिलं, 'मशीन चालू, हात लांब. घरी वाट बघतोय सुनील आणि चांभ'. मी त्या कामगाराला बोलावून विचारलं, हा चांभ कोण? तो म्हणाला, "कोणी नाही भाऊ, 'लांब'ला जुळवायला घेतला." एका चिठ्ठीवर नुसतं लिहिलं होतं, 'कूलंट पुसा'. त्यात यमक नव्हतं. मी त्याला पहिला नंबर द्यावा असं सुचवलं. परीक्षकाच्या निर्णयात सुधारणा करण्यात आली.

मोबाईलवर दर अर्ध्या तासाचा गजर लावला होता. बक्षीस समारंभाला चेन्नईचे संचालक बोलायला उठले आणि गजर झाला, म्हणून मी उठलो. त्यांना वाटलं हा माणूस आदराने उभा राहिला. मग बाकीचेही उभे राहिले. संचालक भारावले, भाषण लांबलं. पुढचा गजर झाला तेव्हा ते देशाच्या सुरक्षेसाठी मरण पावलेल्या जवानांवर बोलत होते, आणि मी सगळ्यांच्या आधी खाली बसलो. त्यानंतर माझी पगारवाढ बराच काळ हलक्या स्वरूपाचीच होती.

त्याच दिवसांत संध्याकाळी पाय मोकळे करायला, म्हणजे कंबर मोकळी करायला, मी शेजारच्या नानांबरोबर फिरायचो. नाना एसटीत चालक होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत डोळ्यांच्या तपासणीत अडकले आणि स्टिअरिंग सुटलं. अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेतल्या माणसाला घरी पाठवता येत नाही, त्याला झेपेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यायचं, ही तरतूद 1995 च्या कायद्यात होती आणि 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 20 मध्येही आहे. दुसरी जागा मिळेपर्यंत त्याच्यासाठी जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं, असंही त्यात आहे. नानांना स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं.

"कसं वाटलं नाना? एवढी वर्षं गाडी हाणून मग खिडकीत?"

"पहिला आठवडा जड गेला. मग समजलं, पोरांना टाइमटेबल पाठ आहे, मला रस्ता पाठ आहे. एक म्हातारी आली, म्हणाली सटाणा. मी म्हटलं, माय, ही सोड, हिच्यात उभं राहावं लागेल, मागची रिकामी येते, आणि डावीकडे बस, उन्हाची बाजू उजवीकडे आहे." नाना हसले. "हे कुठल्या बोर्डावर लिहिलेलं असतं?"

नानांचे डोळे गेले होते, पण त्यांना बसवलं होतं ते डोक्याच्या जागेवर. आमच्याकडे हात मोडलेल्याला लिहायला आणि घसा बसलेल्याला बोलायला बसवत होते.

पण गंमत अशी की आमच्याकडेही हे आपोआप घडलं, आणि कुठल्याही फॉर्मवर त्याची नोंद नाही. हातमोज्यांच्या प्रकरणानंतर भाऊंकडून रजिस्टर काढून घेतलं होतं. काही काम नाही म्हणून ते गळ्यात हात घेऊन आपल्या जुन्या मशीनजवळ जाऊन उभे राहायचे. तिथे दोन आयटीआयची पोरं चाचपडत होती. भाऊंना हात लावता येत नव्हता, म्हणून पहिल्यांदाच तोंडाने सांगावं लागलं. एरवी भाऊ म्हणजे "सरक, मी करतो" या पंथाचे. आता म्हणू लागले, "ऑफसेट आधी बघ. आवाज ऐक. ऐकू आला? हा टूल गेलेला आवाज. थांबव." प्लास्टर निघेपर्यंत ती दोन पोरं सेटिंग शिकली. भाऊंचा उजवा हात चालू असता तर त्यांना अजून 'सरक'च ऐकावं लागलं असतं.

हे उत्पादनाच्या साहेबांच्या लक्षात आलं, मॅडमच्या आलं नाही, कारण तोपर्यंत श्रावण आला होता. तिसऱ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मॅडमच्या टेबलावर लाईट ड्यूटीच्या फॉर्मचा गठ्ठा पडला. सगळ्यांवर 'झेपेल तसे'. आमच्या खोलीत पाणी मारुतीच्या डोक्यावरून गेलं.

उत्पादनाचे साहेब धावत आले. "मॅडम, मला एवढंच सांगा, आज हेवी ड्यूटीला कोण आहे?"

मॅडमनी यादी पाहिली. "तुम्ही आहात, सर."

त्यानंतर काही दिवसांनी मॅडमचाच पाय मुरगळला. त्यांनी स्वतःचा फॉर्म नियमाप्रमाणे स्वतः भरला आणि त्या घरून काम करू लागल्या. साहेब लोकांच्या लाईट ड्यूटीला 'वर्क फ्रॉम होम' म्हणतात, हे आम्हाला तेव्हाच पहिल्यांदा समजलं. भाऊंनी विचारलं, "मॅडमना आणायला गाडी नाही का पाठवली?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही.

योजना अजून कागदावर आहे. मला तिच्याबद्दल राग नाही. पाठीच्या बाबतीत डॉक्टर बरोबर होते, घरी पडून राहिलो असतो तर मी अजून काटकोनात असतो, आणि सौभाग्यवतींनी कोनमापक आणला असता. ज्याला ताप आहे, डोळे आले आहेत, पोट बिघडलं आहे, त्याला घरी झोपू द्यावं. तो हजर राहिला तर आजारही हजर राहतो, आणि त्याला हजेरी पुस्तक लागत नाही. त्याच्यासाठीच तर विमा असतो, रजा असते. ज्याचा एक अवयव नादुरुस्त आहे, त्याला जरूर बोलवावं, पण आधी विचारावं की बाबा, तुझं काय चालू आहे. आणि जे चालू आहे, ते काम द्यावं. मोडलेल्या हाताच्या माणसाचं डोकं शाबूत असतं. त्याला दिवसभर बोर्डाखाली नुसतं बसवून ठेवलं, तर ते डोकं स्वतःचं काम स्वतःच शोधतं. आमच्या खोलीत ते काम म्हणजे रमी होतं, आणि डाव्या हाताने पत्ते पिसायला भाऊ आठवडाभरात शिकले होते.